हौसेचं मोल, गाडीचा भाव

हौसेला मोल नसतं, असं आपण सहज म्हणून जातो. पण हौसेनं घेतलेली वस्तू विकायला काढली की त्याच वाक्याचा दुसरा अर्थ ध्यानात येतो. हौसेला मोल नसतं, म्हणजे बाजारात तिचे पैसे कुणी देत नाही! दागिना मोडताना घडणावळ जाते. घर विकताना भिंतीतल्या कपाटांचा खर्च बुडतो. आणि लांबच्या प्रवासासाठी नटवलेली मोटरसायकल विकायला काढली, तर एकेका नटबोल्टबरोबर जिवाला चटका बसतो.

इंदूरच्या एका मराठी कुटुंबाला हा अनुभव २०२५ च्या दिवाळीनंतर आला. गृहस्थ बावन्न वर्षांचे, एका खासगी कंपनीत हिशेबाच्या खात्यात. पत्नी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला. घरात एक जुनी स्कूटर आणि एक मोटरसायकल. ही मोटरसायकल मात्र भाजी आणायला किंवा ऑफिसला जायला घेतलेली नव्हती.

गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे अशा गाड्यांची एक वेगळी जात रुजली आहे. तिला ‘ॲडव्हेंचर टूरर’ म्हणतात. रॉयल एनफील्डने २०१६ च्या मार्चमध्ये ‘हिमालयन’ बाजारात आणली, तेव्हापासून सामान्य नोकरदारालाही अशी गाडी आवाक्यातली वाटू लागली. ४११ सीसीचं इंजिन, पुढे २१ इंचांचं मोठं चाक, पोटाखाली २२० मिलिमीटरची मोकळी जागा, १५ लिटरची टाकी. वेगाच्या बाबतीत ही गाडी फार मिरवत नाही. तिचं काम वेगळं. सामान आणि दोन माणसं घेऊन, ताठ बसून, खड्ड्यांतून आणि दगडगोट्यांतून दिवसभर न कुरकुरता चालायचं.

इंदूरच्या या दांपत्याने २०१९ च्या एप्रिलमध्ये अशीच एक हिमालयन घेतली.

दोन लाखांची गाडी, सत्तर हजारांचा साज

रस्त्यावर येईपर्यंत गाडीला दोन लाख चार हजार रुपये लागले. खरा खर्च त्यानंतर सुरू झाला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या आल्या. त्या आणि त्यांचा सांगाडा मिळून चोवीस हजार. मागे आणखी एक पेटी आली, कारण पत्नीला पाठ टेकायला काहीतरी हवं होतं. गाडी पडली तर इंजिन वाचावं म्हणून लोखंडी क्रॅश गार्ड आलं. रात्रीसाठी जादा दिवे, वाऱ्यासाठी उंच काच, बोटं गारठू नयेत म्हणून हँडलवर आडोसे, मोबाइलचं स्टँड, चार्जर. सीट एका कारागिराकडून पुन्हा भरून घेतली. टाकीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे पेट्रोलचे कॅन लागले. टायरमध्ये हवा भरायचा पंप, पंक्चरचं सामान, जादा ट्यूब आणि क्लचची केबल सीटखाली आणि पेट्यांत गेली. हिशेबाच्या वहीत हा सगळा साज अडुसष्ट हजारांचा निघाला.

शेजाऱ्यांना तो उधळेपणा वाटला. पण त्यातली एकही वस्तू मिरवण्यासाठी घेतलेली नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये दोघं मनालीहून लेहला गेली. तेव्हा अटल बोगदा व्हायचा होता. तो ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. त्यामुळे रोहतांग खिंड ओलांडूनच पलीकडे उतरावं लागायचं. चंद्रा आणि भागा या नद्या जिथे मिळतात, त्या तांदी गावी एक पेट्रोल पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असं सांगणारी तिथली पाटी त्या वाटेनं गेलेल्या प्रत्येकाला आठवते. पूर्ण भरलेल्या टाकीत एरवी चारशेहून जास्त किलोमीटर होतात. पण सामान लादलेलं, वाट चढाची आणि हवा विरळ असली की तेवढ्यावर विसंबता येत नाही. अशा ठिकाणी त्या दोन कॅनची किंमत कळते. इंदूरला घराच्या पार्किंगमध्ये तेच कॅन पाहून लोक विचारायचे, “यात दूध आणता का?”

पुढच्या सहा वर्षांत गाडीनं स्पिती पाहिलं, कच्छचं रण पाहिलं आणि कोकणातून गोव्यापर्यंतची किनारपट्टी पाहिली. काट्यावर एक्केचाळीस हजार किलोमीटर झाले. पत्नी मागच्या सीटवर बसून एका वहीत सगळं टिपत असत. कुठे पेट्रोल भरलं, किती भरलं, ऑइल कधी बदललं, चेन कधी ताणली, कुठल्या गावात कुठल्या मेकॅनिकनं काय केलं. भूगोलाच्या बाईंची ती वही पुढे फार उपयोगी पडली.

पाठीनं घेतलेला निर्णय

२०२४ च्या पावसाळ्यात गृहस्थांच्या मणक्याची गादी सरकली. शस्त्रक्रिया टळली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “स्कूटर चालवा, हरकत नाही. पण दोनशे किलोची गाडी आता उचलायची नाही, ढकलायची नाही आणि खड्ड्यांतून तर न्यायचीच नाही.”

गाडी कव्हरखाली गेली. दर रविवारी गृहस्थ खाली जायचे, कव्हर काढायचे, पुसायचे, दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचे. असे कितीतरी रविवार गेले. दोनदा बॅटरी उतरली. टायर एकाच जागी उभे राहून कडक होऊ लागले. विकायचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. शेवटी पत्नीच म्हणाल्या, “अहो, चालणारी गाडी आहे ती. इथे तिचं लोणचं घालून काय करणार?”

अशा वेळी विकण्याचा निर्णय जितका लवकर होईल तितका बरा. उभ्या गाडीचा भाव चालत्या गाडीपेक्षा वेगानं उतरतो. बॅटरी, टायर, रबरी सील, टाकीतलं पेट्रोल, सगळं नुसतं उभं राहून खराब होतं. शिवाय विम्याचा हप्ता काही थांबत नाही.

मनातला आकडा आणि बाजारातला

गृहस्थ हिशेबातले. त्यांनी कागदावर मांडणी केली. गाडी दोन लाख चार हजार, साज अडुसष्ट हजार. एकूण दोन लाख बाहत्तर हजार. सहा वर्षं वापरली, म्हणून एक तृतीयांश वजा. म्हणजे निदान एक लाख ऐंशी हजार यायला हवेत.

जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि पंच्याऐंशी हजार सांगितले. पेट्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्या काढून घ्या. आमचं गिऱ्हाईक शहरात चालवणारं. त्याला गल्लीतून वळायला अडचण होते.”

गृहस्थ रागावून घरी आले. पण व्यापारी अगदीच लुबाडत होता असं नाही. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना जे कोष्टक वापरतात, त्यात सहा महिन्यांच्या आतच पाच टक्के जातात. वर्षाअखेरीला पंधरा टक्के, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास टक्के घट धरली जाते. पाच वर्षांनंतर कोष्टकच संपतं. मग किंमत दोन्ही बाजूंच्या संमतीनं ठरते. त्यातच नोव्हेंबर २०२३ मध्ये ४५२ सीसीचं, जास्त ताकदीचं इंजिन असलेली नवी हिमालयन आली आणि ४११ सीसीची जुनी झाली. नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव उतरतो, हे तर मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि साजाचं काय? त्याची गोष्ट घडणावळीसारखीच. ज्याला लेहला जायचं आहे त्याला त्या पेट्या हव्या असतात. ज्याला जायचं नाही त्याला त्या अडगळ वाटतात. म्हणून अशी गाडी विकताना दोन मार्ग असतात. एक म्हणजे साज उतरवून वेगळा विकायचा आणि गाडी जशी कारखान्यातून आली तशी उभी करायची. यात चार पैसे जास्त मिळू शकतात, पण एका गिऱ्हाइकाऐवजी दहा गिऱ्हाइकं शोधावी लागतात. शिवाय मूळचे आरसे, मूळची काच, मूळचं हँडल जपून ठेवलेलं असेल तरच हे जमतं. दुसरा मार्ग म्हणजे सगळा साज तसाच ठेवून त्याची कदर असणाऱ्या माणसाची वाट पाहायची. यात साजाचे पूर्ण पैसे येत नाहीत, पण गाडी योग्य हाती पडते.

दोघांनी दुसरा मार्ग निवडला आणि एक लाख पंचवीस हजार आकडा ठरवला. तो लिहिताना गृहस्थांचा हात जरा अडखळलाच.

“लास्ट किती?”

मोबाइलवर जाहिरात टाकल्याच्या दिवशी तेवीस फोन आले. त्यातल्या अठरा जणांनी गाडी कशी आहे हे न विचारताच “लास्ट किती?” एवढंच विचारलं. एकानं बदल्यात जुना फ्रीज आणि वर थोडी रोकड देऊ केली. एका मुलाला फक्त पेट्या हव्या होत्या. एकानं आपण सैन्यात असून बदली झाली आहे असं सांगितलं, गाडी न पाहताच सौदा पक्का केला आणि पैसे पाठवण्यासाठी एक क्यूआर कोड धाडला. “स्कॅन करून पिन टाका, लगेच पैसे जमा होतील.” गृहस्थांच्या हातात मोबाइल होताच. पण मुलीनं पुण्याहून फोनवर ओरडूनच थांबवलं, “बाबा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही! पिन फक्त द्यायला लागतो.”

हे सर्वांनीच लक्षात ठेवण्यासारखं आहे. तसंच चालवून बघण्याचंही. अनोळखी माणसाच्या हाती एकदम किल्ली देऊ नये. त्याचं लायसन्स पाहावं, हेल्मेट असल्याशिवाय बसू देऊ नये, तो ज्या गाडीनं आला ती आणि त्याचा एखादा सोबती आपल्याकडे थांबलेला असावा. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. खरा घेणारा हे समजून घेतो.

दुसरी यादी

आठवड्याभरात इंदूरचाच एक तरुण आला. गाडी त्याला पाहताक्षणी आवडली. एक लाख वीस हजारांवर सौदा जुळला. इसार म्हणून दहा हजार तो तिथल्या तिथे द्यायला निघाला. गृहस्थांनी सगळ्या वस्तूंची छापील यादी त्याच्या हातात दिली. पेट्या, दिवे, काच, कॅन, पंप.

पत्नी चहा घेऊन आल्या, ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ही झाली गाडीवर काय काय आहे त्याची यादी. गाडीला काय काय झालंय, तीही यादी आहे माझ्याकडे.”

त्यांनी वही उघडली. २०१९ सालचा जुलै महिना. बारालाचा खिंडीच्या अलीकडे रस्त्यावरून वाहणारा एक नाला. दुपारचे तीन वाजले होते. उन्हानं बर्फ वितळून पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. तळाशी गोल दगड. पुढचं चाक घसरलं आणि गाडी उजव्या अंगावर पडली. दोघं भिजली, पण बचावली. क्रॅश गार्ड वाकलं, पेटीला पोचा आला. केलाँगला परत न जाता कसंबसं पुढे गेले. क्रॅश गार्ड आणि पेटी इंदूरला येऊन ठोकून सरळ केली. पण त्या दिवसापासून सामान भरलेलं असताना वेग सत्तरच्या वर गेला की हँडल किंचित थरथरायचं आणि उजवीकडे ओढायचं.

तरुणाचा चेहरा उतरला. तो लाखावर आला. मग “घरी विचारून सांगतो” म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

त्या रात्री घरात बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी गृहस्थ म्हणाले, “अगं, सहा वर्षं झाली त्या पडण्याला. त्यानंतर तीसेक हजार किलोमीटर आपण दोघंच फिरलो ना? काही झालं? इथल्या मेकॅनिकनं तपासून सांगितलं होतं, काही होत नाही म्हणून.”

“आपल्याला झालं नाही, कारण आपल्याला माहीत होतं,” पत्नी म्हणाल्या. “तुम्ही सामान असताना सत्तरच्या वर कधी नेलीच नाही. हात आपोआप सैल व्हायचा तुमचा. मागे बसून मला कळायचं ते. तो मुलगा नव्वदनं नेईल. त्याला कोण सांगणार?”

या प्रश्नाला हिशेबाच्या वहीत उत्तर नव्हतं. वापरलेल्या गाडीचे दोष बहुधा असेच असतात. ते कागदावर नसतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. मालकाच्या हाताला ते इतके सवयीचे झालेले असतात की दोष म्हणून आठवतसुद्धा नाहीत. चोक किती ओढायचा, कुठला गिअर जरा दाबून टाकायचा, ब्रेक किती आधी धरायचा, हे हात स्वतःच ठरवतो. गाडी दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा हे हात बरोबर जात नाहीत. दोष तेवढा जातो.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ गाडी घेऊन दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेले आणि पुढचा भाग पूर्ण उघडायला लावला. पुढच्या चाकाच्या दोन नळ्या ज्या पकडीत बसतात, त्यातली खालची पकड अगदी केसभर वाकलेली निघाली. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तेही झिजून खाचा पडलेल्या. दोन्ही बदलायला मजुरीसह नऊ हजार चारशे रुपये लागले. विकायच्या गाडीवर हा खर्च करताना मेकॅनिकलाही नवल वाटलं. “साहेब, देऊनच टाकायची आहे ना?”

दुरुस्ती झाल्यावर गृहस्थांनी दोन्ही पेट्यांत विटा भरल्या आणि मेकॅनिकला बाह्यवळण रस्त्यावर गाडी न्यायला सांगितली. तो ऐंशीपर्यंत नेऊन परत आला. हँडल स्थिर होतं. पत्नीनं वहीत तारीख घालून तेही लिहिलं आणि बदललेल्या भागांची पावती त्या पानाला टाचली.

इंजिनावर ठेवलेला हात

पंधरा दिवसांनी धुळ्याहून एक मुलगा आला. आग्रा-मुंबई रस्त्यानं बिजासन घाट चढून, पाच तासांचा प्रवास करून. बरोबर वडील होते. ते एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा पेट्या आणि दिवे पाहत राहिला. वडिलांनी मात्र काही न बोलता आधी इंजिनावर हात ठेवला. ते थंड आहे याची खात्री करून घेतली. विकणारा कधी कधी गिऱ्हाईक येण्याआधीच इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे थंडीत सुरू व्हायला लागणारा त्रास आणि सुरुवातीचा खडखडाट लपतो.

मग त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं आणि हँडल दोन बोटांनी हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. कुठे अडत नाही ना, ते पाहिलं. पान्यानं चाकाची एकेक तार वाजवली. सैल तारेचा आवाज बोदा येतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. चेन मधोमध बोटानं उचलून पाहिली. शेवटी क्रॅश गार्डवर रंगाचा हात फिरलेल्या जागी अंगठा फिरवला आणि मान वर करून गृहस्थांकडे पाहिलं.

पत्नीनं वही पुढे केली.

त्यांनी नालेवालं पान सावकाश वाचलं. पावती पाहिली. पुढची-मागची पानंही चाळली. मग म्हणाले, “ताई, मी पस्तीस वर्षं गाड्या उघडल्या. पडलेली गाडी मला कळते. पण पडली म्हणून सांगणारं माणूस क्वचित भेटतं.”

एवढं कौतुक केलं म्हणून त्यांनी भाव वाढवून दिला, असं मात्र झालं नाही. ते मेकॅनिक होते! पडलेल्या गाडीची किंमत पडलेल्या गाडीचीच, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मागचा टायर सहा महिन्यांत बदलावा लागेल, तेही मोजलं. सौदा एक लाख बारा हजारांवर तुटला. दुरुस्तीचा खर्च वजा जाता गृहस्थांच्या हाती एक लाख दोन हजार सहाशे. पहिल्या तरुणाच्या मानानं सतरा हजार चारशेचा तोटा. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला, पण त्यापुढे काही शेरा मारला नाही.

नाव बदलेपर्यंत गाडी आपलीच

आपल्याकडे पुष्कळ जण पैसे मिळाले, किल्ली दिली, सहीचा कोरा फॉर्म दिला की गाडी विकली गेली असं समजतात. कायदा तसं समजत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. २००७ मध्ये विकलेली एक कार हातोहात पुढे गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. २००९ मध्ये तिच्यामुळे अपघात होऊन एका मुलाचा मृत्यू झाला. भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याचीच, असा निकाल न्यायालयाने दिला. गाडी दोन वर्षांपूर्वी विकली होती, हे सांगून सुटका झाली नाही.

म्हणून फॉर्मचे आकडे कंटाळवाणे वाटले तरी समजून घ्यावेत. विक्रीची सूचना देण्यासाठी फॉर्म २९ आणि नाव बदलण्याच्या अर्जासाठी फॉर्म ३०. गाडी त्याच राज्यात राहणार असेल तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं. इथे गाडी मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात जाणार होती, म्हणून फॉर्म २८ भरून इंदूरच्या आरटीओकडून ‘ना हरकत’ घ्यावी लागली. त्यासाठी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा काढतात. गृहस्थांनी तो स्वतः काढला. सहा वर्षांत त्यांनी तो नंबर पहिल्यांदाच नीट वाचला.

एक अडचण अनपेक्षित निघाली. गाडीचं कर्ज २०२२ मध्येच फिटलं होतं. बँकेचं पत्रही फाइलमध्ये होतं. पण नोंदणीवरून बँकेचं नाव काढायला फॉर्म ३५ द्यावा लागतो, हे राहूनच गेलं होतं. त्यात तीन आठवडे गेले. धुळ्याच्या मुलाचा जीव वर-खाली होत होता. त्याच्या वडिलांनी मात्र बजावलं, “कागद हातात आल्याशिवाय गाडी आणायची नाही.” दोन्ही बाजू शहाण्या असल्या की सौदा असा संथ पण सुरळीत होतो.

विम्याचीही एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पॉलिसी गाडीबरोबर नव्या मालकाच्या नावे करता येते आणि ती वेळेत करून घ्यायलाच हवी. पण दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जी पाच वर्षांनंतर पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीची नसते. ती मालकाची असते. कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या दुचाकीला ती लागू होते. घरची जुनी स्कूटर बदलायची होतीच. गृहस्थांनी पत्र घेऊन ठेवलं.

किल्लीबरोबर

जानेवारीत बापलेक पुन्हा आले. बँकेतून रक्कम जमा झाल्याचं पाहून गृहस्थांनी गाडी ताब्यात दिल्याचा कागद लिहिला. तारीख आणि वेळ दोन्ही घातली, अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्यापुढे रस्त्यात कुठे दंड झाला, काही घडलं, तर ते कुणाच्या हातून, याचा पुरावा राहतो. दोन्ही किल्ल्या, पेट्यांच्या किल्ल्या, मूळचे आरसे, जादा ट्यूब, सगळं यादीप्रमाणे मोजून दिलं.

वही द्यायची की नाही यावर आदल्या रात्री चर्चा झाली होती. तिच्यात नुसता दुरुस्त्यांचा हिशेब नव्हता. सर्चूच्या तंबूत थंडीनं झोप न लागल्याचं होतं. गाटा लूप्सची एकवीस वळणं मोजल्याचं होतं. काझाच्या एका घरात मिळालेल्या गरम थुक्पाबद्दल होतं. पत्नीनं मुलीला सांगून सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि मूळ वही मुलाच्या हातात दिली. “गाडीची आहे ती,” एवढंच म्हणाल्या.

गृहस्थ गाडीला हात न लावता जरा लांब उभे राहिले. मुलानं सुरू करताना त्यांचे ओठ हलले, पण ते बोलले नाहीत. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा वडील मागे बसलेले दिसले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची पाठ मागच्या पेटीला टेकलेली होती.

मार्चमध्ये नोंदणी धुळ्याच्या मुलाच्या नावावर झाली. त्यानं नव्या आरसीचा फोटो पाठवला. गृहस्थांनी सरकारी संकेतस्थळावर जाऊन स्वतः खात्री केली आणि मगच फाइल कपाटात वरच्या फळीवर ठेवली. पार्किंगची जागा शेजाऱ्यांनी केव्हाच सायकलींनी भरून टाकली होती.

मे महिन्यात एका संध्याकाळी फोन आला. “काका, पुढच्या महिन्यात मित्राबरोबर लेहला निघतोय. कॅन दोन्ही भरून घेऊ का? आणि वहीत तो नाला लिहिलाय, तो नेमका कुठे?”

गृहस्थ पेट्रोलचा हिशेब सांगू लागले. तांदीला टाकी भरायची, मग कॅन. बोलताना त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा झाला होता. पत्नीनं हात पुढे करून फोन मागून घेतला.

“हे बघ बाळा,” त्या म्हणाल्या, “नाला कुठे आहे ते महत्त्वाचं नाही, दर वर्षी नवे होतात. वेळ महत्त्वाची. मुक्कामाहून पहाटेच निघायचं आणि सगळे नाले सकाळीच ओलांडायचे. दुपारी बर्फ वितळतं, पाणी चढतं. पाणी जास्त दिसलं तर थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरलेलं असतं.”